काळ्या रानात टिकेल ती बग्गी

आमच्या परभणीची काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला डिंकासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. इथे बैलगाडीचाही कस लागतो, तिथे किलो-सव्वा किलोच्या रिमोटवरच्या बग्गीची काय कथा!

नातवाकडे तामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर आहे. मूळ १९८४ ची, २००५ मध्ये पुन्हा बाजारात आली. धसकटांवर कोलांट्या खाऊनही ती मोडली नाही. हलकी आहे आणि तिचं प्लॅस्टिक थोडं लवतं. (आम्हा म्हाताऱ्यांना हे कुठलं जमायला!)

खरा घात ओल्या मातीने होतो. चाकाला गोळा चढला की सगळा भार मोटर आणि गिअरवर येतो, मोटर तापते, बॅटरी लवकर उतरते. माती सुकली की तिची बारीक कच बुशात शिरून आस झिजवते. म्हणून थांबायचं, काडीने चाक खरवडायचं, मगच पुढे. आमचे गाडीवान हेच करायचे. हे सांगितलं तेव्हा पोराने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

मे महिन्यात भेगांत तिचं काय होतं ते बघायला तो पुन्हा येणार आहे. एरवी चार दिवसांत त्याला पुण्याची ओढ लागते.