तापलेलं मशीन

हातकणंगल्यात बोट हा हंगामी विषय. तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा आणि मधे ऊस, माग, फाउंड्र्या. बोटीचं इथं एरवी काम काय? पण 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून त्याच्याही 10 फूट वर गेली. नदीकाठची माणसं बोटींतून बाहेर काढली, वीज गेली म्हणून जनरेटर लावले. पाणी उतरल्यावर दोन्ही यंत्रं मिस्त्रीच्या दारात आली, ती एकच तक्रार घेऊन : तापतंय.

इंजिन तापलं की मालक आधी तेल बघतो, मग नशिबाला बोल लावतो. मिस्त्री पाण्याची वाट बघतो, म्हणजे ते कुठून शिरतं आणि कुठं अडतं ते. बोटीच्या मशीनला रेडिएटर नसतो. खालच्या जाळीतून नदीचंच पाणी ओढायचं, अंगातून फिरवायचं आणि परत नदीत सोडायचं. त्यातली एक बारीक धार मुद्दाम मागं दिसेल अशी काढलेली असते. ती जोरात पडतेय तोवर निर्धास्त. ती रोडावली की किल्ली बंद.

मी बघत होतो त्या मशीनची धार पार आटली होती. मिस्त्रीनं पंप उघडला. आत रबराचा छोटा पंखा, आणि त्याचं एक पातं गायब. बोट चिखलात रुतलेली असताना कुणीतरी मशीन चालूच ठेवलं असणार. पाण्याशिवाय हे रबर बघता बघता करपतं.

“मिस्त्री, नवा पंखा टाका की,” बोटीबरोबर आलेला पोरगा म्हणाला.

“टाकतो रं. पर तुटल्यालं पातं कुठं गेलं? ते आतच हाय. ते गावल्याबिगर नवा टाकून बी तापणारच.”

मग नळी सोडवून, वाकणात तार घालून शोध सुरू झाला. आधी गाळ आला, मग जलपर्णीच्या केसाळ मुळ्या. उन्हाळ्यात इचलकरंजीजवळ पंचगंगेवर हिरवं अंथरूण घालणारी आणि शेतीपंपांच्या जाळ्या बुजवणारी ती हीच. सगळ्यात शेवटी नखाएवढा काळा रबराचा तुकडा निघाला. मिस्त्रीनं तो पंख्याच्या मोडक्या कडेला लावून बघितला. जुळला.

पाण्याच्या या वाटा घडवण्यात आमचा तालुका मुरलेला आहे. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळायला पोकळी लागते, आणि ओतकामात ती वाळूच्या गाभ्यानं साधतात. शिरोलीच्या फाउंड्र्यांत साच्यात आधी हा गाभा बसवतात, भोवती 1,400 अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस ओततात, आणि थंड झाल्यावर वाळू ठोकून झाडून काढतात. वाळूचा कण न् कण काढून मोकळी केलेली ती जागा पुराच्या एका फेरीत गाळानं पुन्हा भरते!

जनरेटरचं दुखणं तुलनेनं सोपं निघालं. पावसापासून वाचवायला त्याला ताडपत्रीत इतकं गुंडाळलं होतं, की स्वतःचीच गरम हवा तो परत ओढत होता. तरी आधीच्या कुणी मेकॅनिकनं त्याचा थर्मोस्टॅट काढून टाकलेला. हा उपाय मला कधीच पटला नाही. थर्मोस्टॅट इंजिन तापू देतो तो योग्य तेवढंच. तो काढला की इंजिन थंड राहतं, डिझेल अर्धवट जळतं आणि कार्बन धरतो. दुखणं राहतं ते राहतंच.

नवा पंखा बसवून मशीन पाण्याच्या बॅरलमध्ये उभं केलं, किल्ली मारली. धार आली.

“पुरातनं आल्यावर दर वेळी असंच चांगल्या पाण्यात चालवायचं,” मिस्त्रीनं बजावलं. “आतला गाळ धुऊन जातो.”

“चांगलं पाणी?” पोरगा हसला. “पुरात प्यायचं पाणी टँकरनं येतंय, मिस्त्री. बायका घागरी घिऊन हुब्या असत्यात. तितं मशीनसाठी बॅरल मागू?”

मिस्त्रीनं क्षणभर विचार केला. “मग घागरी भरू द्यात आधी,” तो म्हणाला, “आणि बिलाचं बघा.”