डावीकडील आसन

हेलिकॉप्टर भाड्याने मिळते आणि ते आपले आपण चालवायलाही मिळते, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळले. ताशी दराने, वहीत नाव लिहून सायकल भाड्याने घेण्याचा अनुभव माझ्या पिढीला आहे. पण कल्पनेची धाव त्यापलीकडे गेलेली नव्हती. 2023 च्या फेब्रुवारीत आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, वानाका या सरोवराकाठच्या गावी सुटीसाठी गेलो होतो. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी एक हेलिकॉप्टर घेतले आहे. याल का?" त्याने तिकिटे काढली असावीत, असे समजून मी होकार दिला. वैमानिक कोण, हा प्रश्न मला सुचलाच नाही. सौभाग्यवतींना तो सुचला असावा. कारण त्या काही न बोलता ताटे उचलू लागल्या.

मुलगा अमेरिकेत ओरेगन राज्यात नोकरी करतो. 2015 मध्ये त्याने हेलिकॉप्टर चालवण्याचा खाजगी परवाना काढायला घेतला, तेव्हा मी त्याला दोन पानी पत्र लिहिले होते. चाळिसेक तासांच्या शिक्षणावर माणसाने आकाशात जाणे हा उद्दामपणा आहे, आणि त्यासाठी मोजायची रक्कम पाहता तो अशोभनीय उद्दामपणा आहे, असा त्याचा आशय होता. भाषा चांगली साधली होती. उत्तर आले नाही. पुढे आमच्यात हा विषय निघाला नाही. परवाना मिळाल्याचेही मला त्याच्या आईकडून कळले.

गावाबाहेरच्या विमानतळावर सकाळी पोहोचलो, तेव्हा सगळा उलगडा झाला. आपल्या देशातला परवाना तिथल्या प्राधिकरणाकडून मान्य करून घेतला, तरी यंत्राचा मालक केवळ कागदावर विश्वास ठेवत नाही. त्याचा शिक्षक शेजारी बसून परक्या वैमानिकाची तासभर परीक्षा घेतो, आणि पसंत पडला तरच यंत्र त्याच्या हाती देतो. हे यंत्र रॉबिन्सन कंपनीचे आर-44 होते. चार माणसांचे, पिस्टन इंजिनाचे, वर दोनच पाती. ही पाती मधल्या दांड्यावर तराजूच्या दांडीसारखी झुलती बसवलेली असतात. खवळलेल्या वाऱ्यात यंत्र क्षणभर भारहीन झाले आणि वैमानिकाच्या हातून चूक झाली, तर पात्यांचा सांधा त्या दांड्यावरच आदळून तो तुटू शकतो. म्हणून अमेरिकेत 1995 पासून या जातीच्या यंत्रांसाठी वेगळे शिक्षण सक्तीचे आहे. न्यूझीलंडच्या अपघात अन्वेषण आयोगाने 2016 मध्ये हा प्रश्न आपल्या चिंतेच्या यादीत घातला. ही माहिती मला नंतर मिळाली, हे माझे भाग्य.

मी कुंपणाशी उभा राहून परीक्षा पाहत होतो. विद्यापीठात अनेक वर्षे परीक्षक म्हणून बसलो, पण मुलाची परीक्षा पाहण्याची वेळ कधी आली नव्हती. एकाएकी इंजिनाचा सूर मावळला आणि यंत्र तिरपे, वेगाने खाली येऊ लागले. माझ्या घशातून आवाजही निघाला नाही. जमिनीपाशी आल्यावर ते नाक उचलून थबकले, आणि पुन्हा सुराला लागून वर गेले. शिक्षकाने मुद्दाम इंजिनाची शक्ती काढून घेतली होती. अशा वेळी वैमानिकाने एकदोन सेकंदांत डाव्या हाताचा दांडा खाली दाबायचा असतो. मग खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत राहतात आणि यंत्र उतरते. महोगनीचे पंखाचे बी असेच गिरक्या घेत खाली येते. आमच्या विभागाच्या इमारतीसमोर ती झाडे होती. त्यांच्या खालून मी वर्षानुवर्षे चालत गेलो आणि कधी वर पाहिले नाही.

मग माझे वजन करण्यात आले, बुटांसकट. आयुष्यभर इतरांच्या ग्रंथांचे वजन करणाऱ्याला हे एकदा व्हायलाच हवे होते. सौभाग्यवतींनी जमिनीवरच राहणे पसंत केले. हेलिकॉप्टरात वैमानिक उजवीकडे बसतो. डावीकडचे आसन मला द्यायचे, म्हणून त्या बाजूचा दांडा आणि पायाखालची पेडले कामगाराने काढून नेली. ती तशी निघतात. मी बसलो तेव्हा माझ्यापुढे हात ठेवण्यासारखे काहीही नव्हते.

'रघुवंशा'चा तेरावा सर्ग मी अनेकदा शिकवला. त्यातले पुष्पक रामाच्या मनातील इच्छेप्रमाणे चालते. तिथे पायाखालची पेडले नाहीत, आणि वजन करण्याचा प्रसंग तर नाहीच. माझ्या शेजारी मात्र एक माणूस दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी अखंड, जेमतेम दिसेल न दिसेल अशा हालचाली करत होता. त्याचे हात मला ओळखीचे वाटले नाहीत. सरोवर खाली सरकले, मातुकितुकी नदीच्या वाळूतल्या वेण्या दिसू लागल्या, आणि पुढे बर्फाच्छादित शिखरांची रांग आली. तिच्यातले ॲस्पायरिंग हे 3,033 मीटर उंचीचे शिखर त्याला मला दाखवायचे होते. त्याचसाठी हा सगळा खटाटोप होता.

नदीचे दोन फाटे मिळतात तिथवर पोहोचण्याआधी यंत्राला दोन हिसके बसले. शिखरांवर भिंगाच्या आकाराचे गुळगुळीत ढग स्थिर उभे होते. मी त्यांच्या सौंदर्यावर काही बोलणार होतो. कानावरच्या यंत्रातून त्याचा आवाज आला, "बाबा, वायव्येचा वारा वाढला आहे. परत फिरू या." मी म्हणालो, "एवढे जवळ आलो आहोत." तो काही बोलला नाही. त्याने वेग कमी केला आणि रुंद वळण घेतले.

विमानतळावर उतरल्यावर तासांचे मापक पाहून मालकाने पैसे सांगितले. ॲस्पायरिंग न दिसल्याबद्दल त्यात सूट नव्हती, आणि मुलाने ती मागितलीही नाही. मालकाने फक्त पश्चिमेकडे एकदा पाहिले आणि त्याच्याशी हस्तांदोलन केले. ही दोन माणसे आदल्या दिवसापर्यंत एकमेकांना अनोळखी होती.

मुलगा उड्डाणाच्या नोंदवहीत लिहीत बसला. त्या पत्राविषयी काही बोलावे असे माझ्या मनात आले. शेऱ्याच्या रकान्यात त्याने एवढेच लिहिले होते: वारा, परत फिरलो. तेवढ्यात कामगार डावीकडचा दांडा परत बसवायला घेऊन आला, कारण पुढचा शिकाऊ उमेदवार येऊन थांबला होता. आम्ही बाजूला झालो. सौभाग्यवतींनी विचारले, "कसे होते?" मी म्हणालो, "वारा होता."