निकोच्या नावानं ओरडलात, बरं केलंत. पण फ्री थ्रोच्या वेळी?

डॅलस मॅव्हरिक्सच्या प्रेक्षकांनो,

आपल्याच संघाची हुर्यो उडवणारा प्रेक्षक कृतघ्न असतो, असं तुम्हाला बऱ्याच जणांनी सुनावलं आहे. मला ते पटत नाही. तुमचा राग खरा होता, तो जागच्या जागी होता आणि तो तुम्ही बोलून दाखवलात हे योग्यच केलंत. तरीही तुमच्याशी एका बाबतीत मला भांडायचं आहे, म्हणून हे पत्र.

आधी नातं सांगतो. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर तुमच्या संघानं सतनाम सिंग या पंजाबी मुलाला निवडलं. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. एनबीएच्या मुख्य संघातून तो कधी खेळला नाही, पण इथल्या कितीतरी बास्केटबॉलवेड्यांनी तेव्हापासून मॅव्हरिक्सला आपलं मानलं. तुमचे रात्रीचे सामने आम्ही सकाळी ऑफिसला निघायच्या आधी बघतो.

१ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री तुमच्याकडे बारा वाजायला आले होते, आमच्याकडे रविवारची सकाळ होती. लुका डॉन्सिचला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकल्याची बातमी आली, तेव्हा पत्रकार शाम्स शराणिया यांचं खातं कुणीतरी हॅक केलं असावं, असंच तुम्हालाही वाटलं आणि आम्हालाही. पंचविशीतला खेळाडू. आदल्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्यानं संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. त्याच्या बदल्यात एकतीस वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ ची पहिल्या फेरीतली एक निवड. गाजावाजा न होता, लीगमधल्या बाकी संघांना कसलीही चाहूल न लागता हा सौदा झाला. जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं स्पष्टीकरण एवढंच, की जेतेपदं बचावाच्या जोरावर मिळतात. पुढे एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर कबुली दिली की लुका चाहत्यांना महत्त्वाचा आहे हे ठाऊक होतं, पण किती महत्त्वाचा याचा अंदाज नव्हता. ज्या शहरानं डर्क नोविट्स्कीला एकाच जर्सीत एकवीस हंगाम खेळताना पाहिलं, त्याच्या निवृत्तीआधीच लुकाला हाताशी धरलेलं पाहिलं, त्या शहराच्या संघाच्या सूत्रधाराला हा अंदाज नसावा, याचा राग नाही यायचा तर कशाचा यायचा?

दुसरा मार्ग तुमच्याकडे होता तरी कुठे? तिकीट काढू नका, खुर्च्या रिकाम्या ठेवा, असं लोक सहज सांगतात. पण अमेरिकन एअरलाइन्स सेंटरमधला प्रत्येक घरचा सामना तेव्हा २००१ च्या डिसेंबरपासून 'हाउसफुल्ल' नोंदला जात होता. सगळ्या लीगमध्ये एवढी लांब मालिका कुणाचीच नव्हती. तुम्ही सोडलेली खुर्ची घ्यायला रांग उभी असते. उलट त्याच वसंतात सीझन तिकिटांचे दर वाढवण्यात आले. संघाच्या कारभारात प्रेक्षकाला मत नाही, भागधारकासारखी सभा नाही, जाब विचारायला खिडकी नाही. उरतो तो आवाज. तोही तुमच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न झालाच. फेब्रुवारीत सॅक्रामेंटोविरुद्धच्या सामन्यात कॅमेरा एका प्रेक्षकावर आला, त्यानं मोठ्या पडद्यावर नुसते ओठ हलवून 'फायर निको' म्हटलं आणि त्याला बाहेर काढलं गेलं. आवाज न करता केलेला निषेधही ज्या व्यवस्थेला सहन होत नाही, तिच्यासमोर मोठ्यानं ओरडावंच लागतं.

तुमच्या 'फायर निको' या घोषणेत मला सगळ्यात मोलाची वाटली ती तिच्यातली नेमकी नजर. तुम्ही नाव घेतलंत. ८ फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध डेव्हिस पहिल्यांदा तुमच्यासमोर उतरला, तेव्हा बाहेर नोविट्स्कीच्या पुतळ्याजवळ निदर्शनं झाली होती. सौद्यानंतर शवपेटी आणून प्रतीकात्मक अंत्यविधीही झाला होता. पण डेव्हिसला तुम्ही टाळ्या दिल्यात. कुणाच्या बदल्यात इथे येण्याची मागणी त्यानं केली नव्हती हे तुम्हाला कळत होतं. त्या दिवशी तो २६ गुण आणि १६ रिबाउंड करून जखमी होऊन बाहेर गेला, तेव्हाही तुम्ही त्याला बोल लावला नाहीत.

हे भान सगळ्यांना राहत नाही. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये, न्यूयॉर्क निक्सनं चौथ्या क्रमांकावर लॅटव्हियाच्या क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला निवडलं आणि निक्सच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. एकोणीस वर्षांचा मुलगा, नुकतीच टोपी घातलेली, आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. प्रेक्षकांमधला एक लहान मुलगा तर कॅमेऱ्यासमोर रडला. निवड करणारे साहेब लोक आत होते, आवाज झेलला त्या पोरानं.

आमच्या मुंबईत तर हेच, पण कितीतरी पटींनी मोठं घडलं. १५ डिसेंबर २०२३ ला मुंबई इंडियन्सनं पाच जेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून हार्दिक पांड्याला दिलं. निर्णय कुणी घेतला, का घेतला, याचा धड खुलासा चाहत्यांना मिळाला नाही. १ एप्रिल २०२४ ला राजस्थानविरुद्ध वानखेडेवर हार्दिक नाणेफेकीला आला, तेव्हा घरच्याच मैदानावर त्याच्या नावानं एवढा गलका झाला की संजय मांजरेकरांना मायक्रोफोनवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्याच सामन्यात सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या खुद्द रोहितनं हातानं खूण करून लोकांना थांबायला सांगितलं. ज्याच्यासाठी हा राग होता, तोच तो राग आवरा म्हणत होता. मुंबईकर क्रिकेटचा जाणकार म्हणवून घेतो. पण त्या हंगामात राग काढायला त्याला समोर दिसणारा माणूसच सापडला, निर्णय घेणारी खोली सापडली नाही. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक हार्दिकनं टाकलं, भारत जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर 'हार्दिक, हार्दिक' असा घोष झाला. लोक म्हणाले, प्रायश्चित्त झालं. मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं: प्रायश्चित्त कुणी कुणासाठी करायचं होतं?

म्हणून तुमचं कौतुक. तुम्ही माणूस आणि निर्णय यांत गल्लत केली नाहीत. ९ एप्रिलला लुका लेकर्सच्या जर्सीत परत आला, पडद्यावरची चित्रफीत बघताना बाकावर बसून रडला आणि मग ४५ गुण करून तुम्हाला हरवून गेला. तुम्ही त्याच्यासाठी ओरडलात, निकोच्या विरोधात ओरडलात. मैदानावरच्या कुठल्या मॅव्हरिकला दूषण दिलं नाहीत.

निदान शब्दांत तरी नाही. इथेच माझं भांडण सुरू होतं.

ही घोषणा तुम्ही बहुतेक वेळा कधी दिलीत? आपलाच खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की. कारण उघड आहे. खेळ थांबलेला असतो, बाकीचे नऊ जण जागच्या जागी उभे असतात, घरचे प्रेक्षक स्वतःच्या खेळाडूसाठी गप्प बसतात. त्या शांततेत पन्नास जणांनी ओरडलं तरी टीव्हीवरून देशभर ऐकू जातं. युक्ती म्हणून ती चोख आहे. पण समोरच्या रिंगकडे बघत एकटा उभा असलेल्या माणसाला ती कशी ऐकू येते? पाहुण्या खेळाडूचं लक्ष उडवायला आपण नेमकं हेच करतो. मुद्दाम, याच क्षणी, याच जोरानं. शब्द हॅरिसन यांच्यासाठी असतील, कान मात्र खेळाडूचे असतात.

१० नोव्हेंबर २०२५ ला मिल्वॉकीविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी पी. जे. वॉशिंग्टन रेषेवर होता, तेव्हाही ती घोषणा घुमली. सामना ११६-११४ असा हातचा गेला. दुसऱ्या दिवशी हॅरिसन यांना काढण्यात आलं. संघाची कामगिरी तोवर ३ विजय, ८ पराभव. तुमच्यातले काही जण म्हणतील, बघा, ओरडलो म्हणूनच झालं. मी ते नाकारत नाही. मला फक्त एवढं म्हणायचं आहे, की त्याची किंमत वॉशिंग्टनकडून वसूल करायची गरज नव्हती. खेळाडूंच्या ओळखी होतात तेव्हा ओरडा, टाइम-आउटला ओरडा, मध्यंतरात ओरडा, बाहेर पुतळ्याजवळ रात्रभर ओरडा. त्यानं हॅरिसन यांना कमी ऐकू गेलं असतं असं मला वाटत नाही.

आणि कूपर फ्लॅगचा विचार करा. १.८ टक्के शक्यता असताना २०२५ च्या ड्राफ्टची लॉटरी तुमच्या नावानं निघाली आणि त्या वर्षीचा पहिला क्रमांक तुमच्याकडे आला. त्या क्रमांकावर फ्लॅग आला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. लुकाचा सौदा झाला तेव्हा तो ड्यूक विद्यापीठात शिकत होता. त्याच्या पहिल्या हंगामाच्या सुरुवातीचे घरचे सामने त्यानं या घोषणेच्या सोबतीनं खेळले. घरचं मैदान म्हणजे काय, हे तो तुमच्याकडूनच शिकतो आहे.

हॅरिसन यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्याच्या बातम्या होत्या. त्याबद्दल लांबण लावत नाही. तसं करणारा तुमच्यात कुणी असेल, तर तो तुमच्यातला नाही हे तुम्हीच त्याला सांगायला हवं.

राहिला मालक. तुमची नजर नेमकी होती असं मी म्हटलं, पण ती एक मजला खाली थांबली. लुकाचा सौदा हॅरिसन यांनी सुचवला. त्याला मंजुरी दिली ती पॅट्रिक ड्युमाँट यांनी. २०२३ च्या अखेरीस मार्क क्युबन यांच्याकडून संघाचा मोठा हिस्सा ड्युमाँट आणि ॲडेल्सन कुटुंबांकडे गेला, तेव्हापासून शेवटचा शब्द त्यांचाच आहे. सौद्यानंतर ड्युमाँट यांनी त्याची जाहीर पाठराखणही केली होती. त्यांचं नाव मात्र तुमच्या तोंडी निकोच्या नावाइतकं कधी आलं नाही. हॅरिसन गेले, मायकल फिनली आणि मॅट रिकार्डी यांच्याकडे तात्पुरता कारभार आला, आणि ज्यांच्या होकाराशिवाय काहीच झालं नसतं, त्यांनी त्याच दिवशी चाहत्यांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केलं.

त्या पत्राला उत्तर लिहा. सीझन तिकीटधारकांनी एकत्र येऊन, सह्यांनिशी. त्यात शिव्या नकोत, लुका परत आणा असंही नको. तो आता येत नाही. विचारा की एवढा मोठा निर्णय एका माणसाच्या शब्दावर कसा मंजूर झाला, त्याच्या विरोधात बोलू शकेल असं कुणी त्या खोलीत होतं का, आणि उद्या फ्लॅगबद्दल असाच एखादा प्रस्ताव आला तर तो कोण अडवणार आहे. उत्तर येईपर्यंत विचारत राहा. नाही आलं, तर घरच्या सामन्याला टाइम-आउट मिळाला की ड्युमाँट बसलेले असतील त्या दिशेनं तोंड करून, त्यांचं नाव घेऊन, हवं तेवढं ओरडा.

तुमचा,
पुण्यातला एक मॅव्हरिक्सप्रेमी