कोंकणकडा आणि साइक्ससाहेब

पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोलें तालुक्यांत, सह्याद्रीची धार जेथें कोंकणावर एकदम तुटून पडते तेथें हरिश्चंद्रगड उभा आहे. त्याची उंची सुमारें ४६७० फूट. पांचनईच्या वाटेनें वर गेलें म्हणजे हरिश्चंद्रेश्वराचें कोरीव पाषाणमंदिर लागतें. जवळच केदारेश्वराच्या लेण्यांत थंडगार पाण्यामध्यें भव्य लिंग असून भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच काय तो शाबूत राहिला आहे. चांगदेवांनीं ‘तत्त्वसार’ येथेंच रचिलें. अशा या पुण्यस्थळीं आमचें मन मात्र दोनशें वर्षांपूर्वीं येऊन गेलेल्या एका गोऱ्या पाहुण्याकडे ओढ घेत होतें.

विल्यम हेन्री साइक्स याचा जन्म १७९० सालचा. मिसरूड फुटण्यापूर्वींच तो कंपनीच्या मुंबई फौजेंत शिरला; १८०५ सालीं भरतपूरच्या वेढ्यांत आणि १८१७ सालीं खडकीच्या लढाईंत तो होता. पेशवाई बुडाल्यावर, १८२४ सालीं, मुंबई सरकारनें त्यास दख्खनच्या नव्या मुलुखाची पाहणी करण्याच्या कामावर नेमिलें. माणसें किती, पिकें कोणतीं, मजुरी काय, वतनें कोणाचीं, हें सर्व टिपावयाचें. हेतु उघड होता. ज्याचा वसूल घ्यावयाचा तो मुलूख आधीं नीट कळला पाहिजे.

परंतु या गृहस्थाची जिज्ञासा वसुलापाशीं थांबली नाहीं. हवेचा दाब, पाऊस, पक्षी, मासे, सर्वांची त्यानें नोंद केली. रानकुत्र्यास त्यानें दख्खनचें नांव दिलें. नद्यांतील माशांचें वर्णन करितांना लोकांच्या तोंडचीं नांवें उचललीं, त्यांतील ‘खुदरी’ हें नांव मत्स्यशास्त्रांत आजतागायत चालत आहे. पुढें तें पद रद्द झालें, तरी काम अर्ध्यावर न टाकतां १८३१ सालीं तें पुरें करूनच तो विलायतेस परतला.

या भ्रमंतींतच तो हरिश्चंद्रगडावर आला. कोंकणांतून उठलेलें धुकें कड्याच्या माथ्याहून किंचित् वर चढलें होतें, पण पठारावर शिरलें नव्हतें. साइक्स अगदीं कडेला उभा. पाठीशीं क्षितिजालगतचा निरभ्र सूर्य. समोरच्या धुक्यांत पन्नास-साठ फूट व्यासाचें सप्तरंगी वलय प्रकटलें, अर्धें पायांच्या वर व अर्धें खालीं. आणि चौकटींत बसविलेल्या चित्राप्रमाणें त्यांत त्याची, त्याच्या घोड्याची व बरोबरच्या माणसांची छाया स्पष्ट दिसूं लागली. यासच आज आपण इंद्रवज्र म्हणतों. साध्या इंद्रधनुष्याहून याची उपपत्ति निराळी. धुक्याच्या अतिसूक्ष्म तुषारांतून प्रकाश माघारा फिरतो, आणि वलयाचा मध्य सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे पाहणाऱ्याच्या मस्तकाच्या छायेवर पडतो.

हा प्रसंग १८३५ सालचा म्हणून सर्रास सांगितला जातो, तें बरोबर नव्हे. त्या सालीं रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत साइक्सचा दख्खनच्या हवामानावरील प्रबंध छापला गेला. तोंपर्यंत त्यास हिंदुस्थान सोडून चार वर्षें लोटलीं होतीं.

त्या प्रबंधांतील एक तपशील आम्हांस इंद्रवज्राहूनही मोलाचा वाटतो. या आकृति आपल्याच सावल्या आहेत, हें बरोबरच्या चाकरांस खरें वाटेना. तेव्हां त्यांनीं हात उडविले, पाय झाडले, अंग नाना तऱ्हांनीं वांकविलें. वलयांतील आकृतीही तसेंच करितात कीं काय, हें पाहिलें, आणि मगच खात्री करून घेतली. साइक्स त्यांच्या वागण्यांत भोळी समजूत पाहतो. आम्हांस विचाराल तर, शंका घेणें, स्वतः करून पाहणें व प्रत्यय येईपर्यंत न मानणें यासच शास्त्र म्हणतात. त्या सकाळीं कड्यावर कोणी प्रयोग केला असेल, तर तो या माणसांनीं!

साइक्स पुढें १८५६ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटांत बसला व १८७२ सालीं वारला. त्याच्या परिश्रमांस उणें लेखण्याचें कारण नाहीं. त्यानें लिहून ठेविलें म्हणूनच ही हकीकत आपणांस कळते. पण ज्यांनीं वाटा दाखविल्या, माशांचीं नांवें सांगितलीं, घोडा धरिला, त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव त्या वर्णनांत नाहीं. मुलूख ‘शोधणारा’ एक असतो. तो आधींपासून जाणणारे पुष्कळ असतात.

आम्ही गेलों तेव्हां धुक्यानें सबंध माथाच गिळून टाकिला होता. तथापि वाचकांपैकीं कोणी पावसाळ्याच्या अखेरीस तिकडे गेल्यास सकाळींच कड्यावर जावें, पोटावर पडून जपून डोकवावें, आणि दैवयोगानें तें वलय दिसलेंच तर केवळ स्तिमित होऊन न राहतां एक हात हालवून अवश्य पाहावा.