ट्रायपॉडचा हिशोब

ऑफिसात कुणालाही विचारा, माझी ख्याती एकच. साधी चप्पल घ्यायची तरी एक्सेल शीट बनवणारा माणूस! मागच्या वर्षी पक्षी बघायला स्पॉटिंग स्कोप घेतला, तेव्हाही शीट होतीच. पुढचं भिंग ८० मिलिमीटरचं, मोठं करून दाखवायची ताकद २० ते ६० पट, वजन पावणेदोन किलो... सगळे कॉलम भरले. ट्रायपॉडसाठी मात्र अर्धी ओळ: 'घरातला चालेल.' घरातला म्हणजे कधीकाळी कॅमेऱ्यासाठी अठराशे रुपयांत घेतलेला. त्यावर स्टिकर होतं, 'क्षमता ५ किलो'. म्हटलं, भरपूर झालं की!

स्कोप घ्यायचं खरं कारण म्हणजे बाबा. रिटायर झाल्यावर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. पण दोनेक वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. दुर्बीण डोळ्याला लावली की समोरचं सगळं तळं थरथरायला लागतं. हळूहळू त्यांनी दुर्बीण कपाटात ठेवून दिली. मी विचार केला, स्कोप स्टँडवर बसलेला असतो, तिथे हाताचा संबंध येतोच कुठे?

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे आम्ही भिगवणला निघालो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. तिथे उजनी धरणाचं पाणी पसरलेलं असतं आणि थंडीत हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला काळे पट्टे, म्हणून ते नाव. बाबांना ते पट्टे बघायचे होते.

काठावर स्कोप लावला, हंस शोधले, बाबांना बोलावलं.

"दिसले का?"

"हो हो. छान आहेत."

दहा सेकंदांत ते गाडीत जाऊन बसले. मग मी डोळा लावला. वारा सुटला होता आणि चाळणीत शेंगदाणे घोळवावेत तसे हंस हलत होते. पट्टे सोडा, डोकं कुठलं आणि शेपटी कुठली तेही कळेना.

परत येताना पाटसच्या आसपास बाबा म्हणाले, "अरे, माझाच हात लागला असेल त्याला. तू उगाच एवढे पैसे घातलेस."

हे मात्र लागलं. चूक माझ्या शीटमधली आणि दोष ते स्वतःच्या हाताला देत होते.

मग घरी आल्यावर हिशोब मांडला. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पंचांगवाल्यांना हे माप ओळखीचं असेल. ट्रायपॉड एक कला हलला तर नुसत्या डोळ्याला पत्ताही लागणार नाही. पण स्कोप ४० पटीवर असेल तर तो पक्ष्याबरोबर हा हेलकावाही ४० पट करतो. झाल्या ४० कला! पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण ३० कलांचा दिसतो. म्हणजे अख्ख्या चंद्राएवढ्या अंतरात चित्र मागेपुढे नाचणार. स्कोप कितीही भारी घ्या.

आणि ते ५ किलोचं स्टिकर? वजन पेलणं वेगळं आणि स्थिर राहणं वेगळं. सर्व्हर कोसळत नाही म्हणजे तो पटकन उत्तर देतो असं थोडंच असतं? रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे कळायला भिगवणपर्यंत जावं लागलं. असो.

पुढच्या शनिवारी स्कोप पाठीला लावून दुकानात गेलो. रस्त्यापलीकडच्या एका पाटीवर ६० पटीने फोकस केला (पुण्यात पाट्यांना काय तोटा!), ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारली आणि 'वाहने लावू नयेत' पुन्हा वाचता येईपर्यंत सेकंद मोजले. आमचा घरचा ट्रायपॉड: पाच. दुकानातला एक देखणा, चार घड्यांचा, बॅगेत सहज मावणारा: तीन. जितक्या घड्या जास्त तितकी शेवटची नळी बारीक, आणि सगळा डोलारा तिच्यावर. तीन घड्यांचा, जाड पायांचा: एक सेकंद. कार्बन फायबरचा हलका असतो आणि कंपही लवकर जिरवतो, पण किंमत ऐकून मी ॲल्युमिनियमवर समाधान मानलं. वर बॉल हेडऐवजी व्हिडिओचं फ्लुइड हेड घेतलं. ते लोण्यासारखं सरकतं आणि सोडलं तिथे थांबतं. मधला दांडा वर काढायचा नाही हे दुकानदाराने दोनदा बजावलं. तो वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो, हे त्याचं वाक्य.

बिल बघून बायको म्हणाली, "स्टँडचे एवढे?" मी शीट दाखवली नाही.

जानेवारीत परत भिगवण. या वेळी घडीची खुर्चीही नेली. बाबा बसून बघणार, म्हणजे पाय पूर्ण उघडायला नकोत. ट्रायपॉड जितका बुटका तितका पक्का. आमच्या स्कोपची नेत्रिका तिरकी आहे, त्यामुळे बसून नुसती मान खाली घातली की झालं. मधल्या दांड्याच्या हुकाला बॅग अडकवली, पण जमिनीला टेकेल अशी. लोंबती ठेवली तर वाऱ्यावर तीच झोके घेते. फोकस मी करून दिला.

"बाबा, हात मांडीवर ठेवा. कशाला धरू नका. नुसतं बघा."

ते वाकले. उजवा हात मांडीवर थरथरत होता, स्कोप जागचा हलला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला राहवेना.

"दिसले का?"

"थांब रे." मग बऱ्याच वेळाने, डोळा न काढता, "दोन आहेत."

"हंस?"

"हंस पुष्कळ आहेत. पट्टे दोन आहेत डोक्यावर. वरचा लांब आहे, खालचा आखूड."

मी चहा आणायला गेलो. परत आलो तरी ते तसेच वाकलेले होते. चहा गार झाला.