भट्टीवरचा नंबर

चकलीला भाजणी लागते, अनारशाला धीर लागतो आणि नानकटाईला गडीमाणूस लागतो. डबे उचलायला. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या महिला मंडळानं या पदावर दरसाल माझी बिनविरोध निवड केली, कारण वसुबारसेच्या आधी घरात सापडणारा पुरुष मी एकटाच असे.

चाळीत ओव्हन कुणाकडेच नव्हता. मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलची असा संसार घेऊन बायका गल्लीतल्या बेकरीत जायच्या. तिथंच मळायचं, वळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचं आणि भाजणावळ द्यायची. पहाटे पावासाठी धगधगलेली भट्टी पाव निघाले की जरा निवते, आणि ती उतरती धगच नानकटाईला मानवते. नाहीतर बाई वरून करपते आणि आतून कच्ची राहते. म्हणून नंबर दुपारी लागे.

"चाचा, हमारा डब्बा पैला आया था!"

"बस, आधा घंटा, भाभी."

हा अर्धा तास चार तास चाले.

मी बाकावर बसून इतिहास सांगत असे. नान म्हणजे फारसीत रोटी. नानकटाईचा उगम सुरतेच्या डच वखारीतल्या भट्टीशी जोडतात. महाराजांनी 1664 आणि 1670 साली सुरत लुटली, तेव्हा तिथं नानकटाई निघत असती तर मावळे इतक्या झटपट परतलेच नसते, असा माझा सिद्धांत आहे. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नळाच्या पाण्यावरून चैत्रापासून अबोला धरलेल्या दोघी शेजारी बसल्या होत्या, सगळ्यांचे कान तिकडे. "यांना सांगा, सोडा जास्त झालाय," असं तिसरीमार्फत सुरू व्हायचं, आणि ट्रे आत जाईपर्यंत तिसरीची गरज उरायची नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. हवेच्या दृष्टीनं योग्यच झालं. पण गॅसची भट्टी खरोखरच अर्ध्या तासात काम उरकेल, या भीतीनं मी हळहळलो.

एका वर्षी वैशाखात तळमजल्यावरच्या माईंचे यजमान गेले. अशा घरात त्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजारून येतो. माई दार लोटून बसल्या होत्या. मंडळानं मला पिटाळलं. "माई, पीठ बिघडलंय, तुम्हीच चला म्हणतायत."

पीठ उत्तम होतं.

माई आल्या. एका सासूबाईंनी "सणाच्या पिठाला यांचा हात..." अशी सुरुवात केली, तोच त्यांच्या सुनेनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला. सुनेनं आपणहून दिलेला तो बहुधा पहिलाच कप असावा, कारण वाक्य तिथंच राहिलं. माईंनी पदर खोचला. "याला काय पीठ म्हणायचं? किलोला अर्धा किलो तरी तूप हवं गं! आणि कणकेसारखं तिंबू नका." नऊ बिऱ्हाडांचं पीठ माईंच्या हाताखालून गेलं.

चाचा ट्रे मोजायला आले. "माई, आपका डब्बा?"

बाकावरच्या सगळ्या एकदम गप्प झाल्या.

"इस साल नहीं, चाचा."

चाचांनी एकदा त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, आतून स्वतःचं स्टूल आणून ठेवलं आणि आमचे सगळे ट्रे पुढे सरकवले. त्या दिवशी आमचा अर्धा तास अर्ध्याच तासात संपला.

संध्याकाळी नऊ घरांतून नऊ डबे माईंकडे गेले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. डबा रिकामा द्यायचा नसतो म्हणून प्रत्येकाच्या तळाशी चिमूटभर साखर आणि सोबत तोंडी निकाल. कुणाची वेलची "दिसली नाही", कुणाच्या नानकटाईला "दात मागवावे लागले".

आमच्या हिला निरोप होता, "नानकटाई बरी झालीय. डबा मात्र घासून देत जा."