नव्या गाडीचे पहिले दिवस

मोटारसायकल घरी येते, त्या दिवशी तिचा थाट नवरीसारखा असतो. हँडलला झेंडूचा हार, दिव्यावर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. शेजारपाजारची मुले भोवती जमतात, पेढे वाटले जातात. या कौतुकात गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न निघताच कपाटात जाऊन बसते.

नव्या गाडीला काय होणार, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. इंजिनाचे भाग कितीही काटेकोर घडवलेले असले, तरी ते एकमेकांना सरावलेले नसतात. पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत हाताला गुळगुळीत लागतात. पण त्यांवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. गाडी चालू लागली की ते झिजतात आणि रिंगा भिंतीला नीट बसतात. या झिजेचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. म्हणूनच पहिले ऑइल लवकर बदलतात. पहिली सर्व्हिसिंग बहुधा ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. ती चुकवली, तर कंपनी पुढे हमी नाकारू शकते.

हे सारे कळूनही वळणे सोपे नसते. घरोघर दूध घालणाऱ्या माणसाने हप्त्यावर गाडी घेतली, तर दुसऱ्याच पहाटे तिच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकतात. गिऱ्हाईक थांबत नाही आणि हप्ताही थांबत नाही. त्याला ‘ओझे लादू नका’ असे सांगणे म्हणजे कोरडा उपदेश होय. मात्र दोन खेपा करून ओझे विभागणे, चढावर वेळीच खालचा गिअर टाकणे, अॅक्सिलरेटर पूर्ण न पिळणे, एवढे त्याच्या हाती असते.

साखळीची गोष्ट अधिक गंभीर आहे. नवी साखळी सुरुवातीच्या दिवसांत लवकर सैल पडते. गाडी बंद असताना खालच्या बाजूची साखळी मधोमध बोटाने वर-खाली करून पाहावी. पुष्कळ गाड्यांत ही हालचाल २० ते ३० मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. फार ताणलेली साखळी बेअरिंग खाते. फार सैल असेल, तर ती दातांवरून उतरते आणि वेगात असताना मागचे चाक अडकवू शकते. त्या वेळी मागे कोण बसले आहे, हे ती पाहत नाही.

नवे टायरही आरंभी निसरडे असतात आणि ब्रेकची पकड पूर्ण बसलेली नसते. तेव्हा पहिले काही दिवस, विशेषतः पावसात, पुढच्या वाहनापासून अंतर राखावे. हवा टायर थंड असताना तपासावी. धक्क्यांनी नट-बोल्ट ढिले होतात. ते आवळायचे, पण बेताने. जोर लावला की काम पक्के झाले, असे मानणाऱ्या हातांनी कितीतरी आटे खराब केले आहेत!

ऑइल पाहायला पाना लागत नाही. इंजिन बंद करून काही मिनिटे जाऊ द्यावी, गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडवर सरळ उभी करावी आणि मग पातळी पाहावी. बाजूच्या स्टँडवर तिरकी उभी असताना दिसलेली पातळी खोटी असते.